उतारावरचा विसावा

आमच्या गावात माणूस गेला की त्याला थेट कबरस्तानात नेत नाहीत. वाटेत ज्यांच्याकडे त्याचं जाणंयेणं होतं, ते आपल्या दारापुढे टेबल मांडतात. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, परसात असतील ती फुलं. अंत्ययात्रा तिथे थांबते, लोक एक प्रार्थना म्हणतात, घरातली बाई दालचिनी घातलेली गरम उसाची दारू पेल्यांतून फिरवते आणि मग सगळे पुढे सरकतात. हा विसावा. शवपेटी खांद्यावरून नेत तेव्हा ती खरोखरच टेबलावर टेकवत असत. आता ती गाडीतच राहते, टेबलाशी गाडी थांबते एवढंच. पण टेबल मांडलेलं दिसत असून गाडी थांबली नाही, तर त्याचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

गाडी माझ्या मामाची आणि चालवते मी. रिओबांबाला राहून पदार्थविज्ञान शिकले, परत आले, आणि शाळेतली जागा अजून निघतेच आहे. बाजारातल्या बायका विचारतात, "काय मास्तरीणबाई, आज कोण विद्यार्थी?" मी नाव सांगते. मग त्या छातीवर क्रूसाची खूण करतात आणि बटाटे निवडायला लागतात.

एवारिस्तोमामानं ही गाडी कीतोहून आणली. वापरलेली, पण नव्या धाटणीची. गाडी उभी केली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि क्लचवरचा पाय काढला की इंजिन आपोआप बंद होतं. क्लच दाबला की आपोआप चालू होतं. शहरात सिग्नलला इंधन वाचावं म्हणून केलेली ही सोय. आमच्या गावात सिग्नल नाही, पण मामाला तिचा वेगळाच उपयोग दिसला. चौकापलीकडे दुसरा अंत्यविधीवाला आहे, त्याची गाडी जुनी डिझेलची. प्रार्थना चालू असताना ती खडखडत राहते आणि पाद्र्याला ओरडून बोलावं लागतं. आमची गाडी टेबलापुढे आली की गप्प होते. "टोपी काढल्यासारखी," असं मामा लोकांना सांगायचा. लोकांना ते इतकं आवडलं की पुढेपुढे इंजिन बंद पडणं हीच खूण झाली. आवाज थांबला की मागून कुणी न सांगता 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू व्हायचं. ही सोय बंद करायचं एक बटण गाडीत असतं. मी चुकून दाबीन म्हणून मामानं त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती.

इंजिनाला दर वेळी उठवतो तो सेल्फ. अशा गाडीला कारखान्यातूनच दणकट सेल्फ येतो, कारण त्याला किती वेळा उठवायला लागणार हे त्यांनी धरलेलं असतं. पण त्यांनी सिग्नल धरले होते, विसावे नाहीत. तो मूळचा सेल्फ गेला तेव्हा तसा दुसरा मिळेना, म्हणून इलेक्ट्रिशियननं साधा बसवून दिला. साधा सेल्फ म्हणजे सकाळी गाडी काढताना एकदा आणि संध्याकाळी परतताना एकदा, एवढ्या कामाचा. त्याला आम्ही एकेका अंत्ययात्रेत कित्येक दिवसांचं काम देत होतो. त्याचे कार्बन घासत गेले, आतले तांब्याचे तुकडे जळून काळे पडले. अलीकडे तो मधूनच नुसता 'टक' करायचा आणि दुसऱ्यांदा क्लच दाबल्यावर उठायचा. मी मामाला सांगितलं.

"उठतो ना?" मामा म्हणाला.

"उठतो. पण एक दिवस उठणार नाही."

"एक दिवस आपणही उठणार नाही, लिसबेत. रविवारी बघू."

होर्तेन्सियाबाईंना शनिवारी न्यायचं होतं.

शनिवारी सकाळी त्यांच्या अंगणात मी गाडीच्या काचा पुसत होते तेव्हा त्यांचा थोरला मुलगा बाल्तासार जवळ आला. तो रिओबांबाच्या रस्त्यावर बस चालवतो. काळ्या कोटात त्याचे खांदे मावत नव्हते.

"वरच्या चौकातून उतरताना डाव्या हाताला निळं दार लागतं," तो म्हणाला. "तिथे थांबायचं नाही."

"रोसाउराताईंचं?"

"निळं दार."

"टेबल मांडलेलं असलं तर?"

"ती कशाला मांडतेय? हालेलुयावाली ती. त्यांच्यात मेलेल्याला कोण विचारतं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मांडलं तरी नाही. आईनं सांगून ठेवलंय."

आईनं काय सांगून ठेवलंय हे गावाला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी होर्तेन्सियाबाईंचा नवरा वारला, तेव्हा त्यांची मुलगी रोसाउरा आपल्या नवऱ्याबरोबर, विल्सनबरोबर, नुकतीच नव्या पंथात गेली होती. तिकडे शिकवतात की मेलेल्यासाठी प्रार्थना करणं पाप आहे. वडिलांची पेटी त्या निळ्या दाराशी आली तेव्हा तिथे टेबल नव्हतं आणि दार बंद होतं. खांदेकरी सवयीनं घुटमळले, मग पुढे निघाले. होर्तेन्सियाबाई पेटीमागे चालत होत्या. त्या दिवशी घरी पोचल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की माझ्या वेळी तिच्या दारात थांबू नका. त्यानंतर त्या मुलीशी बोलल्या नाहीत. बाजारात समोरासमोर आल्या तर भाजी उलटीपालटी करून बघायच्या आणि पुढे जायच्या. गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या तेव्हा रोसाउरानं मक्याचं सूप पाठवलं. ते भांडं भरलेलंच परत आलं, बाहेरून स्वच्छ पुसून.

अंत्ययात्रा दुपारी निघाली. सगळ्यांत पुढे क्रूस धरलेला म्हातारा सेनोन, त्याच्यामागे माझी गाडी, तिच्यामागे बाल्तासार, होर्तेन्सियाबाईंची बहीण फिलोमेना आणि अर्धं गाव. पहिल्या टेबलांशी सगळं नीट झालं. बेकरीपुढच्या टेबलाशी सेल्फ एकदा 'टक' करून उठला. त्यापुढच्या टेबलाशी दोनदा. क्लच दाबून धरला तर इंजिन बंद होत नाही, म्हणून नंतरच्या टेबलाशी मी तसाच पाय दाबून बसले. मागे प्रार्थना सुरूच होईना. लोक वाट बघत राहिले. मामा खिडकीशी आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "गप्प कर तिला. लोकांना वाटतंय तुला घाई आहे." मी पाय काढला. इंजिन थांबलं, मागे प्रार्थना सुरू झाली.

वरच्या चौकातून रस्ता खाली वळला आणि मला टेबल दिसलं.

निळ्या दारापुढे रोसाउरा काळ्या कपड्यांत उभी होती. टेबलावरचं कापड म्हणजे घडी घातलेली पलंगावरची चादर होती. मेणबत्त्या वीज गेल्यावर लावतात तसल्या आखूड, बशीत चिकटवलेल्या. त्यांच्या घरात दुसऱ्या मेणबत्त्या कशा असणार? मागे घराच्या खिडक्या आतून लावलेल्या होत्या. दारूचे पेले नव्हते, चहाचे कप होते.

मी थांबणार नव्हते. पण सेनोनच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्याला माणसं ओळखू येत नाहीत, पांढरं कापड दिसतं, आणि पांढरं कापड दिसलं की तो थांबतो. तो थांबला. त्याच्या पाठीला लागू नये म्हणून मी ब्रेक दाबला, हात सवयीनं न्यूट्रलकडे गेला, पाय सवयीनं क्लचवरून निघाला. इंजिन बंद झालं आणि मागे सगळ्यांनी प्रार्थना सुरू केली.

"चला, चला, पुढे चला," बाल्तासार ओरडला. "सेनोनकाका, इथे नाही."

सेनोन दचकून चालू लागला. मी क्लच दाबला. टक. सोडला, पुन्हा दाबला. टक. किल्ली फिरवून पाहिली. टक. उतार होता, म्हणून हँडब्रेक ओढला आणि पुन्हा प्रयत्न केला. प्रार्थना मध्येच तुटली होती, त्यामुळे तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"होर्तेन्सिया थांबली," फिलोमेना म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण मागच्या बायका एकेक करून खाली गुडघ्यांवर बसल्या.

"मावशी, गाडी बिघडलीय," बाल्तासार म्हणाला.

"एवढी दारं झाली. तिथे नाही बिघडली ती?"

"गाडी कुठेही बिघडते."

"तुझी बस बिघडते रोज," मागून कुणीतरी म्हणालं, "तिला कोण अडवतं रे?" दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

रोसाउरा टेबलापासून दोन पावलं पुढे आली. गाडीच्या मागच्या काचेवर तिनं तळवा टेकवला. आत पेटी होती, वर भावांनी ठेवलेलं फुलांचं चक्र होतं. मला आरशात तिची फक्त बोटं दिसत होती.

सेल्फ गाडीच्या खालच्या बाजूला असतो. पान्यानं त्यावर दोन ठोके दिले की एखाद्या वेळी उठतो. मी दार उघडायला हात लावला, तेवढ्यात मामा खिडकीशी आला.

"बसून राहा," तो हळूच म्हणाला. "विचारलं तर माहीत नाही म्हण. पाच मिनिटं जाऊ देत. कुणाचं काय जातंय?"

दुसऱ्या बाजूनं बाल्तासार आला. "पोरी, तू शिकलेली आहेस. बाहेर ये आणि यांना सांग काय झालंय ते."

मी दोघांकडेही पाहिलं नाही. तेवढ्यात रोसाउरा बाल्तासारला हातानं बाजूला करून खिडकीत वाकली. सात वर्षांत भावाला लागलेला तिचा तो पहिला हात असावा. तोही मुकाट्यानं सरकला.

"त्यांना नको सांगूस," ती म्हणाली. "मला सांग. बिघडली, का आई थांबली?"

"सेल्फ घासलाय, ताई. बरेच दिवस झाले. कधीतरी तो उठणार नव्हताच."

"पण इथेच?"

"कुठेतरी होणारच होतं."

"कुठेतरी म्हणजे इथेही."

"हो. इथेही."

तिनं मान हलवली. "विल्सन म्हणतो मेलेल्याला काही कळत नाही. मी टेबल बाहेर काढलं तेव्हा म्हणाला, हे मांडलंस तर उद्यापासून आमच्यात येऊ नकोस. मी म्हटलं बरं." ती थोडा वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिली. "दोन्ही असू शकतं ना गं? सेल्फही गेला, आणि आईही थांबली. एकाच वेळी?"

एक कारण पुरत असेल तर दुसरं शोधू नये, असं आम्हाला शिकवलेलं. ते मी तिला सांगितलं नाही.

"मला नाही माहीत, ताई," मी म्हणाले. ते खरंही होतं.

तिला तेवढं पुरलं. ती परत टेबलाशी गेली, विझलेली एक मेणबत्ती पुन्हा पेटवली आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हणू लागली. सात वर्षांत तिला शब्द आठवेनासे झाले होते. दुसऱ्या ओळीला ती अडली, तेव्हा गुडघ्यांवर बसलेल्या बायकांपैकी एकीनं पुढचा शब्द दिला. मग पुन्हा अडली, पुन्हा दिला. फिलोमेना उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "पेटी उतरवा," ती भाच्यांना म्हणाली. "पूर्वीसारखी टेबलावर टेकवा. बहीण माझी आहे, मला कळतंय."

धाकटे दोघे भाऊ बाल्तासारकडे पाहू लागले. बाल्तासारचा चेहरा लाल झाला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला अगदी जवळून दिसलं. त्यानं माझं दार उघडलं.

"उतर."

"सेल्फ लागत नाहीये."

"सेल्फ कुणाला हवाय? उतार आहे." त्यानं मला दंडाला धरून उतरवलं. "आईनं मला शपथ घातलीय. कळलं? मला घातलीय, तुम्हाला नाही."

तो आत बसला. किल्ली फिरवली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि हँडब्रेक सोडला. इतकी वर्षं बस चालवणाऱ्याला यात विचार करावा लागत नाही. गाडी आधी अजिबात आवाज न करता निघाली. रोसाउरा प्रार्थनेचा शब्द शोधत होती, तिनं वर पाहिलं तेव्हा मागची काच तिच्यासमोरून सरकत होती. थोडं पुढे जाऊन त्यानं क्लच सोडला. गाडीनं हिसका खाल्ला, आत पेटी पुढे सरकून आदळली, फुलांचं चक्र काचेवर कलंडलं आणि इंजिन चालू झालं.

आता थांबलं तर पुन्हा निघणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो थांबला नाही. खाली कबरस्तानापर्यंत आणखी चार-पाच टेबलं होती. शाळेच्या शिपायाचं, सुईणीचं, होर्तेन्सियाबाईंच्या लहानपणच्या मैत्रिणीचं. तो सगळी टेबलं मागे टाकत गेला. सेनोन क्रूस घेऊन भिंतीला चिकटला. लोक उठले आणि गाडीमागे अर्धवट पळत सुटले, म्हाताऱ्या बायकांना दोन्हीकडून धरून. फिलोमेनालाही तिच्या भाच्यांनी तसंच नेलं. ती मागे वळून पाहत होती, पण पाय पुढे चालले होते. मामा माझ्याकडे हात करून काहीतरी म्हणाला आणि तोही गेला.

रस्त्यावर रोसाउरा आणि मी उरलो.

"उठणार नाही म्हणाली होतीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"सेल्फ नाहीच उठला, ताई. उतारावर गाडी सोडली की चाकं इंजिनाला फिरवतात. सेल्फ लागतच नाही."

"चाकांना कोण फिरवतं?"

"वजन."

"कुणाचं?"

"गाडीचं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला तिचा पुढचा प्रश्न कळला आणि तो थांबवता आला नाही.

"आणि गाडीत जे आहे त्याचं?"

"त्याचंही. पण फार थोडं. गाडीच्या मानानं काहीच नाही."

"थोडं, पण होतं."

"होतं."

"हँडब्रेक तू ओढला होतास?"

"हो."

"म्हणजे धरून ठेवलं होतंस ते तू," ती म्हणाली. "सोडल्याबरोबर ती निघाली."

मला तिला सांगायचं होतं की उतारावर सोडलेली कुठलीही वस्तू निघते, त्यात कुणाची इच्छा नसते. वाक्य तयार होतं. पण तिची आई स्वतःहून गेली नाही असं म्हणायचं, तर ती स्वतःहून थांबली नव्हती हेही त्याच वाक्यात येत होतं. तिनं दोन्ही गोष्टी माझ्याआधीच जुळवलेल्या होत्या, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

खालून इंजिनाचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत राहिला. बाल्तासारनं कबरस्तानाच्या फाटकाशीही गाडी चालूच ठेवली असणार.

रोसाउरानं मेणबत्त्या बोटांनी चिमटून विझवल्या. कप एकात एक घातले. चादरीवर मेण सांडलं होतं ते नखानं खरवडायला लागली, मग सोडून दिलं आणि चादर तशीच काखेत धरली.

"तू जा," ती म्हणाली. "पेटी उतरवायला ते तुला शोधतील."

"टेबल आत ठेवू लागते."

आम्ही दोन बाजूंनी टेबल उचललं. दाराशी आल्यावर तिनं एका हातानं कडी ढकलली. दार आतून लावलेलं होतं. तिनं टेबल खाली ठेवायला सांगितलं आणि दारावर थाप मारली. आत कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ती थांबली. पुन्हा थाप मारली, यावेळी हळू.

"विल्सन," ती म्हणाली. "झालं. घेऊन गेले तिला."

आतून काही आवाज आला नाही.

खालून मामा मला हाक मारत होता. मी निघाले. थोडं उतरल्यावर मागे पाहिलं तेव्हा ती दाराकडे तोंड करून उभी होती, एका हातात कप आणि काखेत ती चादर.